वाचक विचारतात : मोटारसायकल शिकताना

मोटारसायकल नव्याने शिकू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. गाडी कोणती घ्यावी हे विचारणारी पत्रे सर्वाधिक होती आणि ती चालवावी कशी हे विचारणारी सर्वांत कमी. उत्तरांची लांबी मात्र आम्ही मुद्दाम उलट ठेवली आहे.

प्रश्न : माझे वय 42 आहे. आजवर सायकल आणि गिअर नसलेली स्कूटर एवढेच चालवले आहे. मोटारसायकल शिकण्याची फार इच्छा आहे. पण घरचे म्हणतात, हे काही शिकण्याचे वय नाही, आणि शिकायचेच असेल तर भाऊ शिकवील. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : वयाची काळजी सोडा. मोटारसायकलीला जो तोल लागतो तो आपल्याला सायकलीने आधीच दिला आहे, आणि रहदारीत इतर वाहनांचा अंदाज घेण्याची सवय स्कूटरने लावली आहे. नव्याने शिकायचे आहे ते डाव्या हाताचे आणि डाव्या पायाचे काम. त्यातही स्कूटरवरून येणाऱ्यांना एक जुनी सवय मोडावी लागते, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला डाव्या हाताशी ब्रेक असतो. मोटारसायकलीला नेमका त्याच जागी क्लच असतो. दचकल्यावर डावी मूठ आपोआप आवळली जाते. स्कूटर त्याने थांबते; मोटारसायकल मात्र इंजिनापासून सुटी होऊन तशीच पुढे घरंगळत राहते. उजवा हात आणि उजवा पाय म्हणजे ब्रेक, हे अंगवळणी पडेपर्यंत मोकळे मैदान सोडू नये.

आता भावाच्या शिकवणीविषयी. लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करणारा, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांचा अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी 92 टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते, असे त्यात नोंदवले आहे. हा आकडा एकटा फारसे काही सिद्ध करीत नाही, कारण त्या काळी बहुतेक सगळे तसेच शिकत असत. पण त्याच अहवालातील दुसरे निरीक्षण अधिक बोलके आहे: संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले, पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही, आणि गाडी झटकन बाजूला काढून अडथळा चुकवण्याचे कसब तर जवळजवळ कोणाकडेच नव्हते. घरच्या शिकवणीत गाडी सुरू कशी करावी आणि गिअर कसे बदलावेत एवढे येते. नेमक्या या दोन गोष्टी तीत राहून जातात. त्यामुळे प्रशिक्षणवर्ग उपलब्ध असेल तर तो करावा, आणि भावाने मैदानाच्या कडेला उभे राहून आपला सराव पाहावा, हे उत्तम.

मैदानात पहिला धडा क्लचचा. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला हात न लावता, क्लच अगदी सावकाश सोडत जावे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे ओढू लागते. तेथेच बोटे थांबवावीत. यालाच चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी हातभर पुढे जाऊ द्यावी, क्लच पुन्हा आवळावा, थांबावे, आणि हेच करीत राहावे. क्लच असा अर्धवट धरला तर जळेल, अशी भीती मोटार चालवणारे घालतात. पण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि सरावापुरते एवढे घर्षण तो सहज सोसतो. हात बसला की दोन्ही पाय वर घेऊन, माणसाच्या चालण्याच्या वेगाने, मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवत सरळ रेषेत जावे. मग मोठे वर्तुळ, मग लहान, मग इंग्रजी आठच्या आकड्याची वळणे. इतक्या मंद गतीत हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी कोसळते, म्हणून येथे फक्त मागचा. सरळ रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने जाणे कोणालाही जमते, कारण त्या वेगात गाडी स्वतःच तोल सांभाळते. चालकाची परीक्षा होते ती ताशी सहाच्या वेगात.

प्रश्न : माझा एक मित्र सांगतो की मोटारसायकल उजवीकडे वळवायची असेल तर हँडल डावीकडे फिरवायचे. तो माझी थट्टा करीत आहे का? आणि वळणावर माझी गाडी नेहमी रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे का जाते?

उत्तर : मित्राचे म्हणणे खरे आहे. त्याने ते जरा नाट्यमय शब्दांत सांगितले, एवढेच. सुमारे ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर दुचाकी वळते ती मुख्यतः झुकल्यामुळे, आणि तिला झुकवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या बाजूला जायचे त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलणे. उजवी मूठ पुढे ढकलली की पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, टायर गाडीच्या वजनाखालून डावीकडे सरकतात, आणि वरचा भार उजवीकडे झुकतो. त्यानंतर पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळून त्या झुकावाला साजेसे वळण घेते. हे सगळे इतक्या कमी वेळात घडते की, चालकाला आपण हँडल उलट फिरवले याची जाणीवही होत नाही. विमानाचे जनक विल्बर राइट यांनी डझनावारी सायकलस्वारांना, डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असे विचारले होते. जवळजवळ प्रत्येकाने हँडल डावीकडे फिरवतो असेच उत्तर दिले, आणि आधी क्षणभर ते उजवीकडे जाते हे कोणाच्याच ध्यानात आलेले नव्हते. म्हणजे आपणही सायकलीवर लहानपणापासून हेच करीत आला आहात.

मग जाणूनबुजून शिकायचे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण नकळत केलेली कृती घाबरल्यावर विसरली जाते. समोर अचानक अडथळा आला की घाबरलेला माणूस हँडल अडथळ्यापासून दूर फिरवू पाहतो, आणि वर सांगितलेल्या नियमाने गाडी नेमकी अडथळ्याकडेच झुकते. रिकाम्या, सरळ आणि रुंद जागेत ताशी तीसच्या वेगाने जाताना उजवी मूठ तळहाताने किंचित पुढे ढकलून पाहा. गाडी उजवीकडे कललेली जाणवेल. दाब सोडा आणि डावीकडचा प्रयोग करा. कोपर ताठ ठेवून मुठी आवळल्या असतील तर हे जमणार नाही. टाकीला गुडघ्यांनी धरावे आणि हात सैल ठेवावेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ बहुधा हातांत नाही, डोळ्यांत आहे. वळणावर भीती वाटली की नजर बाहेरच्या कडेला, तिथल्या खडीवर किंवा कठड्यावर खिळते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी जाते. खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडेच पाहत राहणारा चालक खड्ड्यातच जातो. वळणात शिरण्याआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करून योग्य गिअर टाकावा, हनुवटी वळणाच्या दिशेने फिरवून वळण जेथे संपते तेथे पाहावे, आणि आत शिरल्यावर ॲक्सिलरेटर स्थिर किंवा अगदी थोडा वाढता ठेवावा. वळणाच्या मध्यावर घाबरून तो एकदम सोडू नये.

प्रश्न : पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून मी फक्त मागचाच वापरतो. यात काय गैर आहे?

उत्तर : गैर हे आहे की, आपण गाडी थांबवण्याची निम्म्याहून अधिक शक्ती वापरतच नाही. वेग कमी होऊ लागला की वजन पुढच्या चाकावर येते; पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते, मागचे चाक त्याच वेळी हलके होते. हलके झालेले चाक जोरात दाबलेल्या ब्रेकने जाम होऊन घसरते, आणि गाडीचा मागचा भाग बाजूला जाऊ लागतो. हर्ट यांच्या अहवालातील चालकांचे हेच झाले होते. पुढे फेकले जाण्याचे भय अगदी निराधार नाही. पण सहसा पुढचा ब्रेक एकदम झटक्याने आवळला तरच गाडी हाताबाहेर जाते, कारण वजन पुढे येण्यापूर्वीच चाक जाम होऊन घसरते. हँडल सरळ ठेवून आधी हलका दाब द्यावा, गाडीचे नाक खाली गेलेले जाणवले की तो वाढवत न्यावा, आणि मागचा ब्रेक बरोबरीने पण बेताने लावावा. लिंबू पिळताना बोटे जशी दाब वाढवत जातात, तसा हा दाब वाढला पाहिजे. वाळू, सांडलेले तेल, ओली पाने किंवा रस्त्यावर रंगवलेले पट्टे दिसले तर हात आणखी हलका ठेवावा.

चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा 1988 साली बीएमडब्ल्यूने प्रथम आपल्या मोटारसायकलींवर आणली. ती जरूर असावी. मात्र साधी एबीएस गाडी झुकलेली असताना घसरण रोखीलच असे नाही, आणि थांबायला लागणारे अंतर ती नाहीसे करीत नाही. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी तेवढे अंतर कापले गेलेले असते. त्यानंतर चांगल्या, कोरड्या रस्त्यावर सराव असलेल्या चालकालाही थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. हाच वेग निम्मा असता तर शेवटचे अंतर निम्मे नव्हे, चौथा हिस्सा झाले असते.

हे अंतर बहुतेक वेळा चौकात लागते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलीचा मार्ग अडवला होता, असे हर्ट यांना आढळले. पुष्कळदा त्याला मोटारसायकल दिसलेलीच नसते. चौकाजवळ समोरून वळू पाहणारी मोटार उभी असेल तर तिच्या चालकाच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक हलू लागले की मोटार निघाली, मग चालक आपल्याकडे पाहत असो वा नसो.

प्रश्न : पहिली गाडी किती सीसीची घ्यावी?

उत्तर : सीसीचा आकडा एवढ्या विचाराच्या लायकीचा नाही. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर विश्वासाने टेकतात का, गाडी बंद ठेवून हाताने ढकलत मागे घेता येते का, आणि ॲक्सिलरेटर थोडा जास्त पिळला गेला तर ती उसळते की समजून घेते, हे पाहावे. हलकी, मंद स्वभावाची, शक्य तर आधी कोणी वापरलेली गाडी शिकण्यासाठी उत्तम, कारण ती एकदोनदा पडणार आहे. मोठी गाडी लगेच घेतली म्हणजे पुन्हा खर्च नको, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो; पण जड गाडीवर शिकणारा भीतीने सराव टाळतो आणि कसब तेथेच थांबते.

प्रश्न : एका परिचिताने त्याचे जुने, महागडे हेल्मेट मला देऊ केले आहे. ते एकदाच पडले होते आणि वरून नवेच दिसते. वापरावे का?

उत्तर : परिचिताचे आभार मानून ते परत करावे. हेल्मेटचे खरे काम त्याच्या चकचकीत कवचाहून अधिक आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराकडे असते. आघाताच्या वेळी तो थर चुरगळतो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का पसरवून कमी करतो. एकदा चुरगळलेला थर पूर्ववत होत नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. शिवाय आतली गादी पहिल्या मालकाच्या डोक्याप्रमाणे बसलेली असते. नवे हेल्मेट घेताना गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागची कड धरून पुढे ओढले तर ते डोक्यावरून निघता कामा नये.

हेल्मेटमागे एक दुःखद कथा आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश सेनाधिकारी टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये ब्रफ सुपीरियर मोटारसायकलीवरून जाताना दोन सायकलस्वार मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात पडले आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, 1941 साली त्यावरील लेख प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वार निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे झाले.

प्रश्न : मोटारसायकलस्वार म्हटले की काळी चामडी जाकिटे, पाठीवर बिल्ले, छाती हादरवणारा आवाज असे चित्र डोळ्यांपुढे येते. मी साधा, मितभाषी माणूस आहे. या जगात वावरायचे तर हे सगळे अंगीकारावे लागते का? आणि समोरून येणारे अनोळखी चालक हात करतात, त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : आपण वर्णिलेले चित्र या संस्कृतीच्या एका खोलीचे आहे, घर बरेच मोठे आहे. चामड्याचे जाकीट मुळात शोभेचे नव्हते. रस्त्यावर घसरत गेल्यास सुती कापड क्षणात फाटते आणि जाड चामडे टिकते, म्हणून ते आले. त्याला बंडखोरीचा अर्थ चिकटला तो नंतर. जुलै 1947 मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी भरलेल्या मेळाव्यात काही दंगामस्ती झाली. बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात मोटारसायकलीवर बसलेल्या एका माणसाचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापले. ते मुद्दाम जुळवून काढले होते, असे अनेकांचे म्हणणे आहे. पण चित्र लोकांच्या मनात बसले ते बसलेच. ब्रिटनमध्ये 1950 आणि 1960च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांनी हँडल खाली घेतलेल्या, अनावश्यक भाग काढून टाकलेल्या गाड्या घडवल्या. ताशी 100 मैल गाठणे ही त्यांची प्रतिष्ठा होती. ‘कॅफे रेसर’ हा आजही मिरवला जाणारा घाट तिथलाच.

याच काळात दुसरीकडे काय घडत होते, ते मात्र कमी सांगितले जाते. होंडाने 1958 साली सुपर कब ही लहानशी, शांत गाडी आणली आणि अमेरिकेत तिची जाहिरात मुद्दाम सभ्य, हसऱ्या, सर्वसामान्य माणसांची चित्रे दाखवून केली. 2017 सालापर्यंत या मालिकेच्या दहा कोटी गाड्या बनल्या होत्या. जगात सर्वाधिक बनलेले मोटारवाहन कोणत्याही काळ्या जाकिटाचे नाही, ते कामावर जाणाऱ्या माणसाचे आहे. त्याच्याही आधी, डिसेंबर 1934 मध्ये, तेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोघी लंडनहून 600 सीसीच्या पँथर मोटारसायकलीला साइडकार आणि मागे सामानाची गाडी जोडून निघाल्या, आणि सहारा ओलांडून पुढच्या वर्षी केपटाऊनला पोहोचल्या. वॉलाक यांनी उतारवयात अमेरिकेत मोटारसायकल शिकवण्याची शाळा चालवली. पहिल्या प्रश्नाच्या वाचिकेने हे घरच्यांना जरूर वाचून दाखवावे.

तेव्हा लांबचा प्रवास, शर्यती पाहणे, जुन्या गाड्या दुरुस्त करणे, किंवा रोज कामावर जाणे, यांपैकी जे भावेल ते आपले. पाळायचा संकेत एकच सांगतो: पाठीवर तीन तुकड्यांत शिवलेले क्लबचे बिल्ले काही संघटनांत वर्षानुवर्षे राहून मिळवावे लागतात, शोभेसाठी तसे काही विकत घेऊन लावू नये, आणि कोणाच्या बिल्ल्याला किंवा गाडीला न विचारता हात लावू नये. आवाजाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. सायलेन्सर काढून टाकल्याने सुरक्षितता वाढते, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. बहुतेक आवाज मागे जातो आणि धोका बहुधा पुढे असतो.

अनोळखी चालकाने हात केला तर उत्तर द्यावे, पण नुसती मान हलवली तरी ते पोहोचते. उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला असल्याने अभिवादन डाव्या हातानेच होते, आणि वळणात, चौकात किंवा क्लच हाताळताना ते न केल्यास कोणी राग मानीत नाही.

प्रश्न : मी शिकून फार दिवस झालेले नाहीत, पण एका गटाने सहलीला बोलावले आहे. जावे का?

उत्तर : निघण्यापूर्वी गटप्रमुख सर्वांना थांबे, मार्ग आणि हातांच्या खुणा समजावून सांगतो का, ते पाहा, सांगत नसेल तर विनम्रपणे नकार द्यावा. सरळ रस्त्यावर गट तिरप्या रांगेत चालतो: एक चालक आपल्या मार्गिकेच्या डाव्या भागात, त्यामागचा उजव्या भागात, आणि आपल्या थेट पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर. वळणावळणाच्या रस्त्यावर एकामागे एक. नवख्याला सहसा प्रमुखाच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे गटाचा वेग त्याच्या बेताचा राहतो. शेवटचे स्थान अनुभवी माणसाचे. गट दूर गेला तरी त्याला गाठण्यासाठी वेग वाढवू नये. नीट चालणाऱ्या गटात प्रत्येक जण फाट्यावर मागच्याला पाहूनच पुढे जातो, त्यामुळे कोणी हरवत नाही.

प्रश्न : सराव करताना गाडी पडली, आणि मला ती एकट्याने उचलता आली नाही. उपाय काय?

उत्तर : आधी इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढावा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे पडते; शक्य असल्यास गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे चाके घरंगळणार नाहीत. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवावे. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसावे, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने सीटमागचा दांडा धरावा, पाठ ताठ ठेवून लहान लहान पावलांनी मागे सरकत केवळ पायांच्या जोराने गाडी उभी करावी. कमरेत वाकून हातांनी ओढू नये. उभी झाल्यावर क्लच आणि ब्रेकचे दांडे वाकले नाहीत ना, पेट्रोल गळत नाही ना, हे पाहावे. ब्रेक चालू आहे याची जागेवरच खात्री करून मग गाडी सुरू करावी.